स्टेप बाय स्टेप, सूत बाय सूत!

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, लॅपटॉपवरचा थ्री-डी जिना आणि नगरच्या एमआयडीसीतली एक वेल्डिंगची शेड... आजीला गच्चीवर न्यायचं होतं, बस्स, एवढंच!

पहाटेचे पावणेपाच. कळसूबाईची दुसरी शिडी. पुढे हेडटॉर्चची माळ, मागे हेडटॉर्चची माळ आणि मध्ये आम्ही, जागच्या जागी थिजलेले. वीकेंडला हिंजवडीच्या सिग्नलला काय ट्रॅफिक असेल, असा जॅम! कोणी तरी वर घाबरून कठडा धरून बसलंय, अशी बातमी वरून खाली पास होत आली. अशा वेळी माणूस काय करतो? सेल्फी काढतो, चिक्की खातो, घरी मेसेज टाकायला नेटवर्क शोधतो. माझ्या वहिनीने सॅकमधून मेजरिंग टेप काढला.

‘अगं, काय करतेस?’ दादा वैतागला.

‘राइजर मोजतेय. टॉर्च इकडे मार.’

वहिनी आर्किटेक्ट आहे. आर्किटेक्टशी लग्न केलेल्या माणसाला आणि त्याच्या धाकट्या भावाला अशा प्रसंगांची सवय करून घ्यावी लागते. ती हॉटेलात गेली की मेन्यूकार्डाआधी सीलिंग बघते. तर त्या अंधारात, मागच्या ग्रुपच्या ‘काय चाललंय बॉस?’ अशा नजरा झेलत तिने पाच पायऱ्या मोजल्या आणि जाहीर केलं, ‘एक पायरी दुसरीपेक्षा अर्धा इंच उंच आहे. म्हणून लोक अडखळतात. पण काय सॉलिड काम आहे रे हे! कातळ जसा वळला तशी शिडी वळवलीय.’

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायला सुरुवात करायची आणि वर देवीच्या छोट्याशा देवळापाशी पोचायचं. नवरात्रात इथे जत्रा असते, आणि आपण ट्रेकिंग शूज घालून धापा टाकत असताना शेजारून नऊवारीतल्या आज्या अनवाणी पुढे निघून जातात. वाटेत कातळ जिथे अगदी उभा होतो, तिथे तीन-चार ठिकाणी या लोखंडी शिड्या बसवल्यात. त्या नसत्या तर आपल्यापैकी निम्म्यांचा ‘समिट’चा फोटो प्रोफाइलवर लागला नसता. जिल्ह्यातल्याच रतनगडालाही रतनवाडीकडून चढताना अशाच शिड्या लागतात. आणि पलीकडच्या अलंग-मदनवर अजूनही दोर लावूनच जावं लागतं, कारण १८१८ मध्ये मराठी राज्य संपल्यावर इंग्रजांनी तिथल्या कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. किल्ला निकामी करायचा तर तोफा हलवायची गरज नाही. जिना तोडला की झालं!

हे वाक्य वहिनीचं. त्या वेळी मला ते नुसतंच फिल्मी वाटलं होतं.

घरातला किल्ला

आमचं मूळ घर नगरमध्ये, दिल्लीगेटच्या आतल्या एका गल्लीत. (२०२४ पासून जिल्हा आणि शहर दोघंही अधिकृतपणे अहिल्यानगर झालेत, पण गल्लीत अजून तोंडात नगरच बसलंय, तेव्हा सांभाळून घ्या.) खाली तीन खोल्या, मध्ये छोटा उघडा चौक, वर एक माडी आणि माडीपुढे गच्ची. या गच्चीवर आमचं सगळं बालपण गेलं. कुरडया, पापड, पतंग, दहावीचा अभ्यास, शेजारच्या गच्चीवरची... असो.

गच्चीची खरी मालकीण आजी. आणि आजी गेली सहा वर्षं गच्चीवर गेली नव्हती.

कारण तो लाकडी जिना. सागवानी, देखणा, पाहुण्यांनी फोटो काढावा असा. आणि चढायला शिडीच! ३०४० मिलिमीटरची उंची फक्त १२ टप्प्यांत चढायची. म्हणजे एकेक पायरी साधारण २५३ मिलिमीटर, आपल्या भाषेत दहा इंच उंच. आणि पाय ठेवायला जागा जेमतेम सात इंच. उतरताना पाऊल आडवं करूनच उतरायचं. जिन्याचा चढ मोजला तर ५५ अंश! राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे २०१६ चा नॅशनल बिल्डिंग कोड, घरातल्या जिन्याबद्दल सांगतो की पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी २५० पेक्षा कमी नको. आमच्या पणजोबांनी अर्थातच हा कोड वाचलेला नव्हता. त्या काळी जिन्याला जागा देणं म्हणजे धान्याची जागा वाया घालवणं.

सहा वर्षांपूर्वी आजी शेवटून तिसऱ्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून तिचं जग म्हणजे स्वयंपाकघर, चौक आणि पुढची ओसरी. वर काय चाललंय ते ती खालून विचारायची. ‘तुळस वाळली का रे वरची?’ ‘शेजारच्यांनी गच्चीला पत्रा टाकला म्हणतात, खरं का?’ आपल्याच घराचा वरचा मजला तिला बातम्यांतून कळायचा.

यंदा तिचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी पार केलेल्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या, त्याचा सोहळा. बाबांचं म्हणणं होतं, हॉल घेऊ, केटरर लावू. आजी म्हणाली, ‘चंद्र हॉलमध्ये दिसतो का?’

विषय संपला. जिना बदलायचा.

दोनशे पर्याय, एक आजी

आता वहिनी फॉर्मात आली. पुण्यातल्या ऑफिसात ती दिवसभर टॉवरांचे प्लॅन करते, ज्यात जिना म्हणजे लिफ्ट बंद पडली तर वापरायची वस्तू. स्वतःच्या घराचा, एकच, मनासारखा, पोलादी जिना करायला मिळणं म्हणजे तिच्यासाठी दिवाळी बोनस. शुक्रवारी रात्री लॅपटॉप उघडला तो रविवारी दुपारीच मिटला.

आपण ऑफिसात एक्सेल वापरतो ना, तसा या सॉफ्टवेअरचा फंडा आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडच्या पद्धतीत, तुम्ही रेषा काढता. रेषेला ठाऊक नसतं की ती जिना आहे. पण रेव्हिट (२००० साली बाजारात आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं) किंवा आर्किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जिन्याला ठाऊक असतं की तो जिना आहे! तुम्ही फक्त सांगायचं, खालची फरशी या पातळीवर, वरची त्या पातळीवर, पायऱ्या अमुक. भागाकार ते करतं. १८ टप्पे म्हटलं की ३०४० भागिले १८, प्रत्येकी १६८.९ मिलिमीटर. कोडची मर्यादा भरून ठेवली असेल तर मोडल्यावर लगेच तक्रारही करतं. २०१७ च्या आर्किकॅड २१ मध्ये तर जिन्याचं टूल पार नव्याने आलं. तुम्ही जिन्याची वाट आखायची, ते स्वतःच पर्याय तपासून बसेल असा जिना सुचवतं.

मग अडचण कुठे? ‘कस्टम’ या शब्दात.

सॉफ्टवेअरच्या पोटात तयार जिने असतात. काँक्रीटचा, लाकडाचा, साधा स्टीलचा. पण पत्रा वाकवून केलेली पायरी, भिंतीतल्या दगडाला चुकवून जाणारा चॅनल, चॅनलवर पायरी टेकवायला वेल्ड केलेले अँगलचे छोटे तुकडे, खालची बेस प्लेट, तिचे चार बोल्ट... हे काही तयार मिळत नाही. ते स्वतः बनवायचं. आधी एका पायरीचं प्रोफाइल काढायचं, त्यात उंची, रुंदी, पत्र्याची जाडी अशी नावं देऊन आकडे बसवायचे, आणि मग ती पायरी जिन्यात सोडायची. एकदा नीट बनवलं की गंमत सुरू. जाडी ५ ची ६ केली की सोळाही पायऱ्या एका झटक्यात जाड होतात आणि वजनाचा तक्ता आपोआप बदलतो.

पहिलं डिझाइन बघून आम्ही सगळे ‘वॉव’ झालो. मधोमध एकच लोखंडी कणा, त्यावर तरंगणाऱ्या पायऱ्या, मधल्या फटींतून येणारा उजेड. एकदम मॅगझिन कव्हर! रेंडर केलेला फोटो वहिनीने आजीला दाखवला. आजीने चष्मा नीट केला.

‘यातून खाली दिसतंय की गं.’

‘हो आजी, तेच तर ब्युटिफुल आहे!’

‘मग मी नाही चढायची.’

एका वाक्यात डिझाइन रद्द. आणि खरं सांगू? आजी कोडपेक्षा वेगळं काही बोलली नव्हती. ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींसाठीच्या नियमांतही उघड्या पायऱ्या नकोतच म्हटलंय. काठी फटीत अडकते, पायाचा पंजा आत जातो, नजर गरगरते. वहिनी दोन दिवस गप्प होती. मला वाटतं, क्लायंटने डिझाइन नाकारण्याची तिला सवय आहे, पण क्लायंटने इतक्या थोडक्यात बरोबर असण्याची नाही.

दुसरा जिना साधा निघाला. दोन बाजूंना २०० मिलिमीटरचे चॅनल. मध्ये पत्रा वाकवून केलेल्या पायऱ्या, उभा आणि आडवा भाग मिळून एकच तुकडा, म्हणजे फट नाही. चौकाच्या कोपऱ्यात नऊ टप्पे, मग ९०० बाय ९०० चं लँडिंग, तिथून काटकोनात वळून पुढचे नऊ. पाय ठेवायला २८० मिलिमीटर. चढ ५५ अंशांवरून ३१ वर!

हे आकडे हवेतून येत नाहीत. सतराव्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने जिन्याचा एक हिशोब मांडला, तो अजून चालतो. माणूस वर एक इंच उचलला जातो तेव्हा त्याला पुढे दोन इंच चालल्याइतके कष्ट पडतात. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर यायला हवी. आमचा नवा जिना जवळपास ६२ वर बसला. जुना ६८ पार! तुमच्या ऑफिसच्या जिन्यावर लंचनंतर हे मोजून बघा, दम का लागतो ते कळेल. (दम वडापावमुळेही लागत असेल, तो भाग वेगळा.)

एक गोष्ट मात्र वहिनीने नाखुशीने केली. कठड्याला दोन पाइप. एक ९०० मिलिमीटरवर, एक ७६० वर. बुटक्या माणसांसाठी, मुलांसाठी असा दुसरा पाइप द्यावा असं सार्वजनिक इमारतींच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ‘लुक जातो रे,’ ती मला म्हणाली. आजी चार फूट नऊ इंच आहे. लुक गेला.

मामांची शेड

आता स्क्रीनवरून जमिनीवर.

नगर हे बाहेरून झोपाळू वाटतं, पण नागापूर एमआयडीसीत एक चक्कर मारा. कुठे प्रेस ठोकतंय, कुठे लेथवर पोलादाच्या निळ्या चकत्या निघतायत, कुठे पावडर कोटिंगच्या भट्टीचा वास. ज्या लूनावरून आपल्या आई-बाबांची पिढी कॉलेजला गेली, ती बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखानाही या शहराच्या दौंड रस्त्यावरचा. इथल्या माणसाला लोखंड कळतं. अर्धा कारागीर तर कुठल्या ना कुठल्या कारखान्यात उमेदवारी करूनच तयार झालेला असतो.

आमचे फॅब्रिकेटर, सगळे त्यांना मामाच म्हणतात, त्यातलेच. चाळीस वर्षं वेल्डिंग. वहिनीने टॅब्लेटवर मॉडेल फिरवून दाखवलं. झूम केलं, कापून आतला भाग दाखवला, बोल्टसुद्धा दाखवले. मामांनी मन लावून बघितलं. मग म्हणाले, ‘ताई, लई भारी हाय. पण पत्रा वाकवला का लांबतो, त्याचं काय केलंय तुमच्या मशिनीत?’

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा होता.

झालं होतं असं. मॉडेलमध्ये पायरीचा कोपरा एकदम धारदार, ९० अंशांचा. पण ५ मिलिमीटरचा पत्रा प्रेस ब्रेकवर असा सुरीसारखा वाकत नाही. त्याला गोलाई येते. त्या गोलाईत बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. म्हणजे २८० आणि १६९ ची नुसती बेरीज करून सपाट पत्रा कापला, तर वाकवल्यावर पायरी मापाला येत नाही, काही मिलिमीटर मोठीच निघते. पत्रा वाकवणाऱ्यांकडे याचे तक्ते असतात, आणि मामांकडे तो तक्ता डोक्यात. त्यांनी एक तुकडा वाकवून, मोजून, फरक खडूने पत्र्यावर लिहून दिला. वहिनीने तो आकडा प्रोफाइलमध्ये घातला. शेडमध्ये, पंख्याखाली, रिकाम्या इलेक्ट्रोडच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून!

मग वजनाची गोष्ट. फॅब्रिकेशनचा भाव किलोवर ठरतो, हे मला इथे कळलं. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. त्यावरून एकेक पायरी साधारण १७ किलोची, चॅनल मिळून जवळपास २४० किलो, लँडिंग आणि कठडा धरला तर सगळा जिना सहाशेच्या घरात. सॉफ्टवेअरचा तक्ता आणि मामांचा पाठमोऱ्या पावतीवरचा हिशोब यांच्यात फार फरक पडला नाही. मामा खूश. मात्र एवढा भार चौकाच्या जुन्या जमिनीवर आणि माडीच्या तुळईवर येणार, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं. घरातल्या जिन्यावर दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, ढोबळमानाने ३०० किलो, इतका माणसांचा भार धरायचा असतो. त्यांनी वरचं टोक तुळईवर न टेकवता एक वेगळा खांब द्यायला लावला. सुंदर दिसत नाही तो. पण जुन्या लाकडाचा काही भरवसा नाही, आणि या एका ठिकाणी सौंदर्याला मत नसतं.

सात सूत

सगळं ठरलं. लेसर कटिंगवाल्याला फाइल सोमवारी सकाळी जाणार. मामांनी पहिल्या टप्प्याचे दोन चॅनल शनिवारीच कापून ठेवलेले. सोहळ्याला तीन आठवडे. रविवारी संध्याकाळी मामा सहज म्हणून घरी आले. हातात पाण्याची नळी, म्हणजे लेव्हल ट्यूब. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, पाण्याची पातळी कुठेही सारखीच. लेसर लेव्हलच्या जमान्यात हे बघून मला हसू आलं, कबूल करतो.

त्यांनी एक टोक भिंतीपाशी धरलं, दुसरं मला चौकात पहिली पायरी येणार तिथे धरायला लावलं. पेन्सिलने खूण केली. फूटपट्टी लावली. आणि डोक्याला हात लावला.

‘ताई, माप कुठं घेतलं होतं?’

‘भिंतीपाशी.’

‘आणि जिना कुठं उतरतोय?’

चौक उघडा. पावसाचं पाणी मोरीकडे जावं म्हणून फरशीला उतार दिलेला. सगळ्या जुन्या घरांत असतो, आम्ही त्यावर गोट्या खेळलोय. भिंतीपाशी वरच्या फरशीपर्यंत उंची ३०४० आणि पहिली पायरी जिथे टेकणार तिथे ३०६२. फरक सात सुतांचा. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नगरच्या शेडमध्ये मिलिमीटर कागदावर असतात, हातात सूतच.)

तुम्ही म्हणाल, २२ मिलिमीटर म्हणजे काय, दोन बोटंसुद्धा नाहीत! मलाही तेच वाटलं. पण तो सगळा फरक एकट्या पहिल्या पायरीवर येणार होता. बाकीच्या सतरा १६९ च्या आणि पहिली १९१ ची. माणूस जिना डोळ्यांनी चढत-उतरत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय माप शिकतो आणि पुढे त्याच मापाने पडत राहतो. उतरताना सतरा पायऱ्या सारख्या लागल्यावर अठरावीला जमीन दोन सेंटिमीटर उशिरा येणार. तरुण माणूस नुसता दचकेल. आजी?

वहिनी एकदम चौकाच्या पायरीवर बसली. ‘मॉडेलमध्ये मी जमीन सपाट धरली,’ ती म्हणाली. ‘सॉफ्टवेअर विचारत नाही रे, जमीन सपाट आहे का म्हणून. लेव्हल शून्य म्हटलं की शून्य.’ मला तेव्हा कळसूबाईच्या शिडीवरचा तिचा टेप आठवला. तिथे अर्धा इंच फरक तिने अंधारात पकडला होता. स्वतःच्या घरात जवळपास इंचभर सुटला.

मामांनी मात्र तिला काही बोलू दिलं नाही. ‘अहो, म्हणूनच तर बघायला आलो ना! अजून पत्रा कापलेला न्हाई. बदला की तुमच्या मशिनीत.’

आणि इथे सॉफ्टवेअरने आपला पगार वसूल करून दिला. वहिनीने पहिल्या पायरीच्या जागेची खरी पातळी घातली. ३०६२ भागिले १८, म्हणजे प्रत्येक पायरी १७०.१. सव्वा मिलिमीटरही वाढला नाही. २२ मिलिमीटरचं संकट अठरा जणांनी वाटून घेतलं. सोळाही पायऱ्या, त्यांचे वाकवायचे मापं, कठड्याची उंची, चॅनलवरच्या अँगलच्या जागा, सगळं आपोआप सरकलं. हाताने ड्रॉइंग काढायचं असतं तर चार दिवस गेले असते. हे चहा होईपर्यंत झालं. कापून ठेवलेले दोन चॅनल तेवढे ६ मिलिमीटर आखूड पडले. ते मामांनी बेस प्लेटखाली पत्र्याचं पॅकिंग देऊन जुळवलं आणि वर म्हणाले, ‘एवढं चालतं. लोखंड माफ करतं, जमीन न्हाई करत.’ तो संवाद मी फोनमध्ये लिहून ठेवला.

त्या रात्री वहिनीने घराच्या चारही भिंती गुण्या आणि ओळंबा घेऊन पुन्हा मोजल्या. एकही काटकोनात नव्हती.

तुमच्या घरी करायचा असेल तर

आजकाल फ्लॅटच्या डुप्लेक्सला, गावाकडच्या बंगल्याला, कॅफेच्या पोटमाळ्याला असा स्टीलचा जिना करून घ्यायची क्रेझ आहे. स्वतः मॉडेल करून बघायचं असेल तर स्केचअपची वेबवरची आवृत्ती फुकट आहे, एका रविवारी हात बसतो. फ्रीकॅडही फुकट, पण जरा चिवट. रेव्हिट विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत मिळतं. मोठं स्टीलचं काम असेल तर टेकला वापरतात, त्यात एकेक बोल्ट आणि वेल्ड येतो, पण घरच्या जिन्याला ते म्हणजे चटणी वाटायला रोड रोलर. कुठलंही वापरा, उंची मात्र फरशीच्या वरून फरशीच्या वरपर्यंत, आणि जिना खरंच जिथे टेकणार तिथेच मोजा. नवी टाइल बसायची असेल तर तिची जाडी आधी धरा. आणि फॅब्रिकेटरला नुसता रेंडरचा फोटो व्हॉट्सअॅप करू नका. फोटोवरून जिना बनत नाही, फोटोवरून भांडण बनतं. इंजिनिअरची सही घ्या, आणि किलोचा भाव ठरवताना रंग आणि वाहतूक त्यात आहे का ते विचारून घ्या. आमच्याकडे वाहतूक नव्हती!

चौकात आल्यावर मात्र काम दोन दिवसांत उरकलं. आधी टाके मारून सगळं उभं केलं, पुन्हा नळी लावली, मगच पक्कं वेल्डिंग. ग्राइंडरचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला, शेजारच्या काकू दोनदा येऊन बघून गेल्या. जुना सागवानी जिना उतरवताना बाबा तिथे थांबले नाहीत, भाजी आणायला म्हणून बाहेर पडले. त्या लाकडाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. पायऱ्या सात इंची, नव्या पायरीला पुरत नव्हत्या. शेवटी सुताराकडून त्या चिरून, गोल तासून वरच्या कठड्यावर मुठीत मावेल असा लाकडी हात बसवला. थंडीत लोखंड हाताला गार लागतं, त्यावरही उपाय झाला.

सोहळ्याच्या दिवशी संध्याकाळी आजीने नवं लुगडं नेसलं आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. कोणीही हात धरायचा नाही. ती खालच्या, ७६० च्या पाइपला धरून निघाली. पहिली पायरी, दुसरी. मामा सपत्नीक आले होते, ते तिच्या पावलांकडे बघत होते. वहिनी बघत नव्हती, ती मोरीकडे तोंड करून उभी होती. नवव्या टप्प्याला आजी लँडिंगवर थांबली, पदराने तोंड पुसलं, खाली आमच्याकडे बघितलं आणि पुढे चढली.

वर गेल्यावर चंद्र उगवायला अजून पंधरा मिनिटं होती. तेवढ्यात तिने तुळस तपासली (वाळली होती), शेजारच्यांचा पत्रा बघितला, पाण्याच्या टाकीचं झाकण नीट लावायला सांगितलं. मग वहिनीला जवळ बोलावलं.

‘जिना चांगला केलास.’

‘थँक्यू आजी.’

‘उतरताना बाहेरचा दिवा डोळ्यांवर येतोय पण. लँडिंगपाशी. तो हलव.’

वहिनीने पदर खोचला आणि टेप शोधायला खाली पळाली.